जुनी मस्टँग बघायला जाताय? बादली सोबत न्या

१९६५ किंवा ६६ ची फोर्ड मस्टँग बघायला निघाला असाल तर सोबत एक बादली, टॉर्च, जमिनीवर अंथरायला जुनी चादर आणि फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक घ्या. जमलं तर असा एक मित्रही न्या ज्याला गाड्यांचं वेड नाहीये, कारण गाडी समोर आल्यावर तुमचं डोकं ठिकाणावर राहणार नाही. मी मिशिगनमध्ये राहतो, माझ्याकडे ६६ ची कूप (पक्क्या छताची, दोन दारांची) आहे, २८९ घनइंचाचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि ती घेताना मी फक्त इंजिन ऐकलं. लहानपणी आमच्याकडे पद्मिनी होती, तिचं इंजिन १०८९ सीसीचं, आणि हे ४.७ लीटरचं, ते समोर सुरू झालं तेव्हा छातीत धडधडायला लागलं आणि बाकी काही बघायचं राहूनच गेलं. पहिल्या मोठ्या पावसानंतर कार्पेटखाली पाणी सापडलं. पुढचे दोन हिवाळे गाडी गॅरेजमध्ये उघडी पडून होती.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, पैसे पत्र्याचे मोजायचे, इंजिनाचे नाही. २८९ कुठलंही बरं मशीन शॉप उघडून नवं करून देतं, पार्ट सगळे मिळतात. पण या गाडीला वेगळी चेसिस नाही, तळाचा पत्रा (फ्लोअर) आणि त्याला वेल्ड केलेल्या रेल, म्हणजे लांब पोकळ पट्ट्या, हीच तिची चेसिस, त्यामुळे तळ कुजला म्हणजे गाडीच कुजली.

खरे मसल कारवाले म्हणतील की मस्टँग ही पोनी कार, म्हणजे छोटी स्पोर्टी गाडी, मसल म्हणजे मोठ्या इंजिनाची पॉन्टिॲक जीटीओ नाहीतर शेव्हरोले शेव्हेल. बरोबर आहे त्यांचं, पण पहिली जुनी अमेरिकन गाडी घ्यायची असेल तर मी तरी मस्टँगच सांगीन. १७ एप्रिल १९६४ ला ती बाजारात आली, पहिल्या वर्षातच ४ लाखांवर विकली गेली आणि मार्च १९६६ पर्यंत १० लाख बनल्या. एवढ्या बनल्या म्हणूनच आज तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा, प्रत्येक रबर नवीन मिळतं, आणि म्हणूनच घाई करायची गरज नाही, ही नाही तर दुसरी मिळेल.

आता बादलीचं. पुढच्या काचेखाली, वायपरपाशी, पत्र्याला बारीक फटींची जाळी दिसते, त्या भागाला काउल म्हणतात. हवा आत घ्यायला तिथे दोन मोठी भोकं असतात आणि पावसाचं पाणी त्यांत जाऊ नये म्हणून त्यांच्याभोवती पत्र्याचे उभे काठ असतात. पाणी बाजूने वाहून मडगार्डच्या मागून खाली पडावं अशी योजना. पण तिथे पाला साचतो, माती साचते, ती वर्षानुवर्षं ओली राहते आणि ते काठ आतून गंजून जातात, आणि बाहेरून यातलं काही म्हणजे काहीच दिसत नाही, रंग चकाचक असतो. मग पाणी सरळ डॅशबोर्डखालून पायाशी उतरतं, कार्पेट भिजतं, आणि खालचा फ्लोअरही वरून कुजायला लागतो. दुरुस्ती करायची तर दोन्ही मडगार्ड काढायचे, काउलचे सगळे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने उडवायचे, वरचा पत्रा उचलायचा, खालचा बदलायचा आणि परत सगळं जोडायचं. पार्ट स्वस्त आहे हो, तास मोजून जीव जातो.

तर मालकाची परवानगी घ्या, त्याला स्पष्ट सांगा की मी काउलवर पाणी ओतून बघणार आहे. मित्राला आत पाठवा, कार्पेटची पुढची कड उचलायला लावा आणि टॉर्च घेऊन डॅशखाली वर बघायला सांगा. मग जाळीच्या एका टोकाला अर्धी बादली हळूहळू ओता, थांबा, मग दुसऱ्या टोकाला. पाणी मडगार्डच्या मागून खाली पडलं पाहिजे. आत एक थेंब जरी आला तरी काउल गेलाय असं धरून चाला आणि त्या हिशोबाने बोला. मालक पाणी ओतूच देत नसेल तर मी तरी तिथून निघून येईन.

आता चादर अंथरून गाडीखाली जा. जॅकवर भरवसा ठेवून जाऊ नका, खाली जॅक स्टँड, म्हणजे गाडी तोलून धरणारे पक्के स्टँड, पाहिजेतच. पुढच्या चाकांच्या मागे, जिथे पुढची रेल फ्लोअरला मिळते, तिथे टॉर्च फिरवा, त्या कोपऱ्यातले टॉर्क बॉक्स (रेल आणि दाराखालची कड जोडणारी पोकळ पेटी) कुजलेले असतील तर काम मोठं आहे. फ्लोअरवर काळा जाड थर फासलेला असेल तर बोटाने दाबून बघा, त्याखाली ठिगळ असू शकतं. बॅटरीखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला असतोच, तो बदलणं सोपं आहे. बोनेट उघडून सस्पेन्शनचे टॉवर बघा, त्यांना तडे जातात. डिकीतली मॅटही उचला, या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा फ्लोअर असतो, त्यामुळे तिथलं गळकं सील म्हणजे डिकीत पाणी नाहीतर पेट्रोलचा वास. लोहचुंबक मागच्या चाकांच्या कमानीवर आणि दारांच्या खालच्या कडेवर फिरवा, चिकटलं नाही तर आत पुट्टी भरलीये. कन्व्हर्टिबल (कापडी टप उघडणारी) असेल तर टप खाली करून दारं उघडझाप करा, दार अडकत असेल किंवा वरची फट खालच्यापेक्षा बारीक झाली असेल तर गाडी मध्यातून बसलीये.

नंबर वाचायला मात्र शिकाच, इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. दारावरच्या माहितीच्या पट्टीवर विसंबू नका, ती नवी करून मिळते. बोनेट उघडा, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्याच्या वरच्या कडेवर नंबर ठोकलेला असतो, तो वाचता यावा म्हणून मडगार्डला तिथे खाच ठेवलीये. समजा तो ५आर०७सी असा सुरू होतो. ५ म्हणजे १९६५ चं मॉडेल, ६ असेल तर १९६६. आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, एफ असेल तर डिअरबॉर्न, टी असेल तर मेटचन. ०७ कूप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक, म्हणजे मागे उतरत्या छताची. आणि यातलं शेवटचं अक्षर इंजिनाचं, सी म्हणजे दोन बॅरल (हवा आत घेणारी नळी) कार्ब्युरेटरचं २८९, ए म्हणजे चार बॅरलचं २२५ हॉर्सपॉवरचं, के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं, आणि टी म्हणजे २०० घनइंचाचं सहा सिलिंडरचं. हा नंबर टायटलच्या, म्हणजे मालकीच्या, कागदाशी अक्षरशः जुळला पाहिजे.

आता याचा उपयोग बघा. कारखान्यातून मिळणारं जीटी हे स्पोर्ट पॅकेज फक्त ए आणि के इंजिनांवर मिळायचं, तेव्हा नंबरात सी असेल आणि बाजूला जीटीचा बिल्ला असेल तर तो नंतर कोणीतरी लावलाय. लावू दे, छानच दिसतो, पण जीटीचे पैसे द्यायचे नाहीत. तसंच इंजिनाचं अक्षर टी आणि बोनेटखाली व्ही८ असेल तर चाकांचे नट मोजा. कारखान्यातून सहा सिलिंडरच्या गाडीला चाकाला ४ नट यायचे, व्ही८ ला ५. अजून ४ च असतील म्हणजे इंजिन बदललं पण ब्रेक, पुढचं सस्पेन्शन आणि मागचा ॲक्सल हलक्या इंजिनाचेच राहिले, आणि ती गाडी जोरात चालवणं धोक्याचं आहे. कोणी १९६५ ची शेल्बी जीटी ३५० (शेल्बीने बनवलेली खास मस्टँग) म्हणून दाखवत असेल तर यातलं काहीच पुरत नाही, त्या वर्षी त्या ५६२ च बनल्या, जाणकार माणूस घेतल्याशिवाय पैशांची बोलणी सुद्धा करू नका.

इंजिनाला दहा मिनिटं पुरतात. जाण्याआधीच मालकाला सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर आधी बोनेटखाली हात लावून बघा. गरम असेल तर थंड इंजिनची खोड लपवली असू शकते. सुरू होताना निळसर धूर येऊन बंद झाला तर व्हॉल्व्हचे सील, चालतं, पण धूर येतच राहिला तर खर्च मोठा. मागे ऑइलचे दोन थेंब पडले म्हणून घाबरू नका.

आणि चेक देऊन झाल्यावर गाडी चालवत घरी आणायचा मोह होणारच, तरी ट्रेलरवर आणा. ६६ पर्यंतच्या मस्टँगला ब्रेकचं मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) एकाच खणाचं असतं, कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन खणांचं ६७ पासून आलं आणि ते जुन्या गाडीला बसवता येतं, मी तर सांगीन रंग, क्रोम, म्युझिक सिस्टीम सगळं नंतर, आधी हे आणि ब्रेकचे रबरी होज. पेट्रोलचे जुने होजही त्याच दिवशी बदला, आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने ते आतून मऊ पडतात आणि गरम इंजिनवर गळतात.

अजून एकही गाडी जवळून बघितली नसेल तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड अव्हेन्यूवर या. दिवसभर जुन्या गाड्यांची रांग असते, मस्टँगवाले सहज सापडतात, बोनेट उघडायला सांगितलं की आनंदाने उघडतात. त्यांना इंजिनाचं विचारू नका, काउलचं काय केलंत ते विचारा.