थर्मोस्टॅट बदलताना कूलंट किती काढायचं?

मे महिन्यात नागपुरात गाडीचा तापमानाचा काटा वर चढायला लागला की जो तो एकच सांगतो, "थर्मोस्टॅट काढूनच टाका." तसं करू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो नसला की थंडीत इंजिन लवकर तापत नाही आणि पेट्रोल उगाच जास्त लागतं. बिघडला असेल तर नवा बसवा.

माझ्याकडे जुनी मारुती ८०० आहे. हिचा थर्मोस्टॅट वरच आहे, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) जिथे इंजिनला जोडलाय त्या झाकणाखाली. त्यामुळे सगळं कूलंट काढत बसायचं कारण नाही, पातळी त्या झाकणाच्या खाली उतरली की झालं. तुमच्या गाडीत तो खालच्या होजकडे असेल तर मात्र जवळजवळ सगळंच काढावं लागेल.

काम सकाळी करायचं, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. गरम इंजिनात कूलंट दाबाखाली असतं. वाफ भरलेल्या कुकरचं झाकण आपण उघडत नाही, तसंच हे. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, रेडिएटरचं झाकण उघडा. खाली पसरट टब ठेवून ड्रेन कॉक, म्हणजे रेडिएटरच्या तळाची तोटी, हळूहळू सैल करा. कॉक प्लास्टिकचा असेल तर जुना झाल्यावर पकडीने पिळला की तुटतो. तो हलतच नसेल तर त्याच्या नादी न लागता खालच्या होजची क्लिप मागे सरकवा आणि होज थोडा सोडवा. मात्र तिथून धार एकदम येते, टब आधीच नीट लावून ठेवा.

टबाजवळ कुत्र्या-मांजरांना फिरकू देऊ नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. गटारातही ओतू नका. कॅनमध्ये भरून, नाव लिहून, जुनं ऑइल-कूलंट घेणाऱ्या गॅरेजला द्या. निघालेलं कूलंट तांबूस, गढूळ दिसलं तर थोडंच काढायचा बेत सोडा, सगळं काढून आतून धुऊन घ्या.

आता थर्मोस्टॅटवरचं झाकण खोला. जुनं पॅकिंग खरवडताना तुकडे आत पडू नयेत म्हणून उघड्या भोकात कापडाचा बोळा ठेवा आणि तो आठवणीने काढा. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी टाकाऊ पातेल्यात पाणी तापवून उघडतो का बघा. त्यावर ८२ (अंश सेल्सिअस) छापलेलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. स्प्रिंग इंजिनाकडे, हवा सोडणारी बारीक पिन वरच्या बाजूला. बोल्ट आलटून पालटून आवळा, फार जोर नको, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात.

भरताना नळाचं पाणी नको, क्षार साचतात. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं केलेलं दाट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट घ्या. नुसता रंग जुळला म्हणून जुन्यात मिसळू नका, डब्यावरचा प्रकार वाचा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरचं झाकण उघडंच ठेवून गाडी चालू करा आणि सुरुवातीला वरचा होज दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, वरून भरत राहा. होज एकदम गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. कूलंट उसळायच्या आत झाकण लावून टाका, पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघा, बहुतेक थोडं भरावं लागतंच.