सोयाबीनच्या शंभर दाण्यांवरून शोधकौशल्ये: नववी-दहावीसाठी अध्यापन आणि मूल्यमापन

प्रयोगवहीतील उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान ही पाचही शीर्षके फळ्यावरून उतरवून घेण्याची सवय लागली, की विद्यार्थी उपकरणाला हात लावण्यापूर्वीच विचारतो, "सर, उत्तर किती याले पाह्यजे?" त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण गुण उत्तराला मिळतात हे त्याने अचूक ओळखलेले असते. शोधाची कौशल्ये शिकवायची असतील तर ज्याचा आकडा शिक्षकालाही आधी ठाऊक नाही असा प्रश्न वर्गात आणावा लागतो, आणि गुणही त्या आकड्याला न देता नोंदीपासून निष्कर्षापर्यंत विद्यार्थी कसा पोचला याला द्यावे लागतात.

पश्चिम विदर्भातील शाळांसाठी असा प्रश्न सोयाबीनमध्ये सापडतो. उन्हामुळे आपल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा पेरणीची धांदल सुरू असते किंवा नुकतीच आटोपलेली असते, आणि बऱ्याच घरांत थोडे घरचे बियाणे उरलेले असते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून ते गुंडाळून ठेवायचे आणि किमान सत्तर उगवले तर बियाणे पेरणीयोग्य मानायचे, ही कृषी विभागाची शिफारस मुलांनी घरी पाहिलेली असते. भंडारा-गोंदियाकडे हेच काम धानावर करता येईल. मात्र पुढचा प्रश्न सोयाबीनचाच आहे. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो, म्हणून बियाण्याची पोती आदळू नयेत असे सांगितले जाते. मग आदळल्याने उगवण खरोखर घटते का, आणि किती? गोणपाटावर उगवण मोजणे ही नुसती चाचणी आहे. हा प्रश्न मात्र शोध आहे, कारण येथे एक गोष्ट मुद्दाम बदलायची आहे आणि बाकीच्या सांभाळायच्या आहेत.

एक काळजी प्रथम घ्यावी. दुकानातील पाकिटातले रंगीत बियाणे बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेले असू शकते, म्हणून ते वर्गात आणू देऊ नये. प्रक्रिया न केलेले घरचे बियाणेच वापरावे आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायला लावावेत.

चार-चार जणांचे गट करावेत आणि बियाणे दाखवण्यापूर्वी प्रत्येक गटाकडून एका पानावर आराखडा लिहून घ्यावा: काय बदलणार, काय मोजणार, काय सारखे ठेवणार, काय घडेल असे वाटते आणि का. शिक्षकाने या टप्प्यावर दुरुस्ती सुचवू नये, फक्त प्रश्न विचारावेत. न आदळलेले बियाणे एका घरचे आणि आदळलेले दुसऱ्या घरचे असेल तर फरक कशाचा म्हणायचा? फुटके दाणे दोन्ही ढिगांतून सारखेच वेचले का? सर्वांत जास्त वाद 'उगवला' कशाला म्हणायचे यावर होतात, आणि ते होऊ द्यावेत. मूळ किमान एक सेंटिमीटर बाहेर आले तरच दाणा मोजायचा, असा काही नियम मुलांनीच आधी ठरवून वहीत लिहावा. मोजणी सुरू झाल्यावर नियम बदलला तर त्याचीही नोंद व्हावी.

कृती साधी आहे. एका घरच्या एक किलो बियाण्याची पिशवी दोन मीटरवरून सिमेंटच्या फरशीवर दहा वेळा टाकावी, त्याच बियाण्याची दुसरी पिशवी अलगद ठेवावी, प्रत्येकीतून न निवडता शंभर दाणे घ्यावेत, दहा-दहाच्या ओळींत मांडून गोणपाट सावलीत ओलसर ठेवावे आणि सातव्या दिवशी मोजावे. गटातील कामे पाळीपाळीने बदलावीत, नाही तर मुलगे पिशव्या टाकतात आणि मुली सुवाच्य अक्षरात नोंदी लिहीत बसतात.

खरे शिकवणे आकडे आल्यावर सुरू होते, म्हणून त्यासाठी दोन तासिका राखून ठेवाव्यात. समजा, एका गटाचे न आदळलेले दाणे ८८ उगवले आणि आदळलेले ८४. विद्यार्थी लगेच लिहितो की आदळल्याने उगवण घटते. तेव्हा सर्व गटांचे केवळ न आदळलेल्या बियाण्याचे आकडे फळ्यावर शेजारीशेजारी मांडावेत. तेच बियाणे, तीच कृती, तरीही ते ८४ पासून ९३ पर्यंत पसरलेले दिसले, तर चारचा फरक कशाचा पुरावा ठरतो? येथे वर्ग गप्प होतो, आणि शिक्षकाने घाईने उत्तर देऊ नये. शंभर दाण्यांच्या नमुन्यात इतका चढउतार आपोआप येतो, हे मुलांनी स्वतःच्या आकड्यांत पाहिले म्हणजे 'चाचणी पुन्हा करावी' हे वाक्य पाठांतराचे राहत नाही. सगळ्या गटांचे दाणे एकत्र मोजून मग निष्कर्ष लिहायला सांगावा. एक किलोच्या पिशवीवरून गोदामातील जड पोत्याबद्दल कितपत बोलता येईल, हेही विचारावे. फरक दिसलाच नाही तर प्रयोग फसला असे म्हणू नये. माझ्या मते तो निष्कर्ष नीट लिहिणे अधिक कठीण असते.

दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे लेखी ८० आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण मंडळाच्या आराखड्यात बांधलेले आहेत. त्यामुळे हे मूल्यमापन नववीत किंवा शाळेच्या अंतर्गत नोंदींतच करणे सोयीचे. दहा गुण पुरेत. आराखड्याला दोन आणि नोंदींना तीन, हे गटाचे. निष्कर्षाला तीन आणि तोंडी प्रश्नांना दोन, हे प्रत्येकाचे वेगळे. नोंदींत खाडाखोड दिसली म्हणून गुण कापू नयेत. उलट बुरशी आलेले दाणे, वाळलेला कोपरा, चुकलेली मोजणी हे जसेच्या तसे लिहिणाऱ्या गटालाच पूर्ण गुण द्यावेत, आणि हा नियम पहिल्याच दिवशी जाहीर करावा. तो जाहीर नसेल तर आकडे शेजारच्या गटाशी जुळवून घेतले जातात.

निष्कर्षाच्या तीन गुणांसाठी पायऱ्या स्पष्ट असाव्यात. नुसते विधान केले तर एक गुण, विधानाला स्वतःचे आकडे जोडले तर दोन, आणि त्या आकड्यांवरून काय म्हणता येत नाही हेही सांगितले तर तीन. तोंडी परीक्षेत 'आदळलेले दाणे आणखी दोन कमी उगवले असते तर तुझा निष्कर्ष बदलला असता का?' हा एक प्रश्न विचारला तरी कोणी स्वतः विचार केला आणि कोणी उतरवले हे कळते.

हे काम जुलै-ऑगस्टमध्येच उरकावे. पुढे सोयाबीनची कापणी आणि नंतर कापूस वेचणी आली की वर्गातील हजेरी रोडावते. घटक चाचणीत मात्र वेगळ्या संदर्भातला सदोष आराखडा तपासायला द्यावा. उदाहरणार्थ, खारपाणपट्ट्यातील, म्हणजे भूजल खारे असलेल्या भागातील, एका विद्यार्थिनीने विहिरीच्या ५० मिलिलिटर पाण्यात एका साबणाचे आणि पावसाच्या १०० मिलिलिटर पाण्यात दुसऱ्या साबणाचे दहा थेंब टाकून फेसाची उंची मोजली आणि विहिरीचे पाणी दुष्फेन (साबणाचा फेस सहज न होणारे) असल्याचे लिहिले. दोन उणिवा दाखवणाऱ्यास दोन गुण आणि आराखडा सुधारून लिहिणाऱ्यास आणखी दोन द्यावेत. विहिरीचे पाणी दुष्फेन असतेच, एवढेच लिहिणाऱ्याचे विधान बरोबर असले तरी त्याला येथे गुण देऊ नयेत.