मॅगव्हीलची आतली कड

मी गुरांची डॉक्टर. घर आणि दवाखाना सोलापुरात, पण निम्मा दिवस गाडीतच जातो: मंद्रूप, वळसंग, बोरामणी, कधी पार मंगळवेढा. गाडी स्विफ्ट. दोन वर्षांपूर्वी हौसेनं तिला १६ इंची मॅगव्हील बसवली. एका रात्री भंडारकवठ्याकडून फोन आला, गाय अडलीय. मंद्रूप सोडलं आणि उसाच्या ट्रॉल्यांनी खचवलेल्या रस्त्यात डावं चाक असं आदळलं की शेजारच्या सीटवरची बॅग खाली पडली. वासरू सुखरूप निघालं. उजाडल्यावर चाक पाहिलं तर साधा ओरखडा नाही. मग मात्र रोज सकाळी त्याच चाकात हवा कमी. पंक्चरवाल्यानं चाक न उतरवताच टायरवर साबणाचं पाणी मारलं, खिळा सापडला नाही, हवा भरून दिली.

चौथ्या दिवशी अक्कलकोट रोडच्या टायरवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी चाक खोललं, पालथं घातलं आणि आतल्या कडेवर बोट ठेवलं. केसासारखी चीर, दोन इंच लांब. वर मला म्हणाले, "मॅडम, म्हशीला ताप आहे का ते शिंगं बघून सांगता का तुम्ही?"

तेव्हापासून जे शिकले ते लिहितेय.

नावापासून सुरुवात. आपण मॅगव्हील म्हणतो, पण त्यात मॅग्नेशियम अर्ध्या टक्क्याहून कमीच. बहुतेक चाकं ॲल्युमिनियमची, ओतीव. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन. ओतल्यावर ती ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात आणि मग दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवतात. ताकद येते ती या भट्टीतून. लोखंडी रिम खड्ड्यात आदळली की वाकते, हातोड्यानं सरळ होते. ओतीव ॲल्युमिनियम थोडंसं वाकतं आणि मग चिरतं. चिरतं तेही बहुधा आतल्या बाजूला, कारण आरे बाहेरच्या बाजूला असतात आणि आतल्या कडेला मागून आधार नसतो. आपण नेमकी ती कड कधीच बघत नाही.

आता मापं. माझ्या स्विफ्टला टायरची तीन मापं बसतात: १६५/८० आर १४, १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंत रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचे इंच. तिन्हींची उंची जवळपास सारखी, ६२ सेंटिमीटर. म्हणजे रिम मोठी झाली की रबर कमी होणारच. १४ इंचीवर टायरची भिंत १३२ मिलिमीटर, १५ वर १२०, १६ वर १०७. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये एवढंच काय ते रबर. शोरूमसारखी दिसावी म्हणून मी त्यातलं एक बोट कापून टाकलं होतं. आता १५ वर आलेय. ज्यांची फिरती खेड्यात जास्त आहे त्यांनी १४ चीच घ्यावी, दिसायला बारकी दिसली तरी.

चाक हलकं म्हणून मायलेज वाढतं असं दुकानात सांगतात. मी १४ ची लोखंडी आणि १५ ची मॅगव्हील भुसार दुकानातल्या काट्यावर ठेवून बघितली, फरक किलोभरही नव्हता. दिसायला आवडते म्हणून घ्या, त्यात काही वाईट नाही.

घेताना चाक पालथं करून आतले आकडे वाचा. किती किलो भार चालतो ते ओतलेलं असतं. गाडीचं भरलेलं वजन १४०० किलो असेल तर चार चाकांत वाटून ३५० येतात, पण इंजिनमुळे पुढच्या चाकांवर जास्त पडतं आणि माझ्या डिकीत औषधं, सलाइनचे खोके असतात. ५०० च्या खालचं मी घेत नाही. जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची खूण. नसेल तर घेऊच नका. पण खोटी खूण ओतायलाही नुसता साचा पुरतो, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घ्या. चार नटांची जागा जुळली म्हणजे झालं असंही नाही. चाक ज्यावर बसतं त्या मारुतीच्या हबचं तोंड ५४.१ मिलिमीटर, बाजारातल्या चाकांचं मधलं भोक बहुधा त्याहून मोठं असतं. ती फट भरायला मधे रिंग लागते, ती ॲल्युमिनियमची मागा. नाहीतर ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि आपण उगाच बॅलन्सिंगला पैसे घालत बसतो.

सगळ्यात स्वस्त इलाज हवा. मे महिन्यात सोलापूर ४२-४३ वर जातं. दुपारी गाव फिरून तापलेल्या टायरमध्ये ३२ हवा भरली तर पहाटे २८ सुद्धा भरत नाही, कारण दहा अंशांना साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. आणि कमी हवेचा टायर खड्ड्यात रिमपर्यंत चेपतो. म्हणून हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघायची. शे-दोनशे रुपयांचा गेज दाराच्या कप्प्यात ठेवा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा जास्तही भरू नका, टायर दगड होतो आणि दणका सरळ चाकाला.

खड्डा चुकवता येत नसेल तर ब्रेक त्याच्या आधीच मारून घ्या आणि चाक आत जाताना पाय उचला. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली बसलेलं असतं, सगळं वजन पुढच्या चाकांवर. काळ्या मातीतल्या रस्त्यांची डांबराची कड तुटून साइडपट्टी वीतभर खाली गेलेली असते. ट्रॉलीला वाट देताना खाली उतरायचं तर जवळजवळ थांबून उतरा, आणि परत वर चढताना त्याहून सावकाश.

दणका बसलाच तर? त्याच दिवशी चाक उतरवून आतली बाजू बघा. चाचांची पद्धत सांगते. टायर काढून कड साबणानं धुवायची, पुसून कोरडी करायची. फडक्यानं रॉकेल लावायचं, हल्ली रॉकेल मिळत नाही तर डिझेल. पंधरा मिनिटं थांबायचं, खरखरीत पुसायचं, आणि वर खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. माझी रेघ उमटली तेव्हा मी गप्पच झाले. टायर काढलेली रिम बोटाला टांगून पान्यानं वाजवायचीही रीत आहे. आम्ही गायीच्या पोटावर टिचकी मारून स्टेथोस्कोपनं ऐकतो तसंच: चांगली घंटेसारखी वाजते, चिरलेली बद्द. पण बारीक चीर वाजवून कळत नाही, त्यामुळे खडू तो खडूच.

वाकलेली मॅगव्हील गॅसच्या शेगडीवर तापवून ठोकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. अशा आगीनं भट्टीतली सगळी मेहनत जाते. चाक गोल दिसतं, पण मऊ पडलेलं असतं. किंचित वाक असेल तर प्रेस मशिनवर काढतात. चिरलेलं चाक आर्गॉन वेल्डिंगनं जोडून मिळतं, मलाही दीड हजारात सांगितलं होतं. आऱ्याला किंवा नटाच्या भोकाजवळ चीर असेल तर चाक सरळ भंगारात. कडेच्या चिरेवर मतं वेगवेगळी ऐकू येतात. रात्री अडीचला एकटी गाडी हाकणाऱ्या बाईनं त्या वादात पडू नये असं माझं मत. मी नवीन घेतलं.

चाक परत लावलं की शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

स्टेपनी माझी लोखंडीच आहे, आणि ती राहणार. फक्त मॅगव्हीलचे नट तिला नीट बसतात का ते एकदा घरी, दिवसाउजेडी लावून बघा. मी ते मंगळवेढा रोडला मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं.