घरी कवितेची बैठक भरवायची असेल तर

आधी कूलरचं बघा. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरात कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलर चालू असला की कविता ऐकू येत नाही. म्हणून उन्हाळ्यात आमची बैठक गच्चीवर, साडेसातनंतर. सहाच्या सुमाराला चार बादल्या पाणी मारायचं, फरशीची धग उतरली की सतरंज्या अंथरायच्या. थंडीत खालच्या खोलीत, मधे गजकची, म्हणजे तीळ-गुळाच्या वडीची, ताटली. माईक कधीच नाही. बारा-पंधरा माणसांपर्यंत आवाज आपला आपण पोचला पाहिजे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजातल्या आमच्या घरी ही बैठक अकरा वर्षं चालली आहे. तुम्हालाही सुरू करायची असेल तर महिन्यातला एक वार पक्का करा आणि तो मोडू नका. चार जण आले तरी बसा.

चहा आधीच करून थर्मासात भरून ठेवा. हे मी मुद्दाम सांगते. बैठक रंगात आली की घरातली बाई उठून स्वयंपाकघरात जाते आणि नेमकी तिला आवडली असती ती कविता तिच्यावाचून वाचली जाते. याच ग्वाल्हेरात १९६१ साली मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या, त्या पदावर बसलेली पहिली स्त्री. त्या शहरात कवितेच्या वेळी कुणी ओट्याशी उभं राहू नये, असं मला फार वाटतं.

प्रत्येकाने दोन कविता आणायच्या, एक स्वतःची आणि एक दुसऱ्या कुणाची तरी. स्वतःची नसली तरी चालेल, दुसऱ्याची हवीच. जो फक्त आपली वाचायला येतो, त्याचं आपला नंबर येईपर्यंत कशात लक्ष नसतं आणि नंबर झाला की तो घड्याळ बघतो.

वाचायला सुरुवात सगळ्यांत लहानापासून. यामागे एक जुनं दुखणं आहे. एका कार्यक्रमात माझी भाची कविता वाचणार होती, तेव्हा ती नववीत होती. सत्कारांतच तासभर गेला. मोठ्यांच्या कविता झाल्या, पावणेदहाला तिचं नाव पुकारलं आणि चार ओळी झाल्या न झाल्या तोच "बस बेटा, वेळ संपली" म्हणून तिला खाली बसवलं. तिने कागदाची चौघडी केली आणि कंपासपेटीत ठेवली. पुढे कित्येक वर्षं तिने कुणासमोर मराठी कविता वाचली नाही.

प्रत्येक कविता दोनदा वाचायची. पहिल्यांदा कुणी 'वाहवा' म्हणायचं नाही. मग थोडं थांबायचं, आणि पुन्हा वाचायची. दुसऱ्या वाचनानंतर ऐकणाऱ्याने एवढंच सांगायचं, कुठली ओळ मनात राहिली आणि कुठल्या शब्दाशी अडायला झालं. 'छान' म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला लोक अवघडतात, दोन-तीन महिन्यांत सवय होते.

आता मुलांचं, कारण खरी मेहनत तिथे आहे. आमच्याकडची मुलं हिंदी किंवा इंग्रजी शाळेत जातात. देवनागरी त्यांना येते, त्यामुळे मराठी वाचता येतं असं सगळेच धरून चालतात. पण ती मराठी वाचतात हिंदीच्या जिभेने. ज्ञानेश्वरांचे 'ग्यानेश्वर' होतात. 'ळ'चा 'ल' होतो, आणि 'वेळ गेली'ची 'वेल गेली' झाली की ओळीचा अर्थच हातचा जातो. मी जोड्या म्हणून घेते: वेळ-वेल, मूळ-मूल, काळ-काल. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि पुढे आपटत सोडायचं. च, ज, झ यांचंही तसंच. 'हे जग' मधला ज हिंदीसारखाच, पण 'तू जग' मधला ज दातांपाशी. लिहिताना दोन्ही सारखे, कळतात ते फक्त कानाला. म्हणून मोठ्यांनी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायला हवं.

कवितेचा छंद, म्हणजे ओळीतलं अक्षरांचं माप, शिकवायचा तर बोटांवर. हरिपाठातला पहिला अभंग घ्या: 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी, तेणें मुक्ती चारी साधियेल्या'. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं. मागच्या वर्षी एक दहावीतला मुलगा हे मोजत होता. पहिला चरण बरोबर सहा. दुसऱ्याला त्याने बोलतो तसं 'क्षण्‌भरी' म्हटलं आणि पाचावरच थांबला. करंगळीकडून अंगठ्याकडे दोनदा जाऊन आला. "आजी, एक बोट उरतंय." मी काही बोलले नाही. तिसऱ्यांदा त्याने 'क्ष-ण-भ-री' असं सावकाश म्हटलं, 'ण' पुरता उच्चारला आणि सहावं बोट मिटलं. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. आपण सगळेच बोलताना हा 'अ' गिळतो, अभंगात तो परत द्यावा लागतो.

कुणी हिंदीत कविता लिहून आणली तर आनंदाने वाचू द्या. ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला १९१७ साली जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत. एका मराठी घरात दोन्ही भाषांना जागा होती. आपल्या सतरंजीवरही असावी.

पहिल्या महिन्यात काय वाचावं असं विचाराल तर भा. रा. तांबे. संस्थानचे राजकवी, १९४१ साली ग्वाल्हेरातच वारले. त्यांच्या कविता गाण्यासाठी आहेत, त्यामुळे मुलांना लवकर पाठ होतात. शिवाय त्यांच्या बऱ्याच कवितांखाली ठिकाण छापलेलं असतं, 'लष्कर-ग्वाल्हेर'. पुस्तक मुलांच्या हातात द्या आणि ती ओळ त्यांना स्वतः सापडू द्या. आपण दूध आणायला जातो त्या लष्करात ही कविता झाली, हे कळल्यावर मुलं पान उलटत नाहीत, तिथेच थांबतात.

तेव्हापासून आम्ही आपापल्या कवितेखालीही ठिकाण आणि तारीख लिहितो. एक वही ठेवा, तीत कविता उतरवून घ्या, ज्याची त्याने, आपल्या अक्षरात. बोटं मोजणाऱ्या त्या मुलाने दिवाळीनंतर आठ ओळी लिहून आणल्या. दोन ठिकाणी अक्षरं कमी पडत होती, ती त्याची त्यानेच शोधली. खाली लिहिलं होतं: गच्ची, दौलतगंज, लष्कर.