कपॅसिटर डिस्चार्ज करताना या चुका टाळा

पावसाळा लागला की ऐरोली-वाशीकडच्या डिप्लोमाच्या पोरांचा ठरलेला प्रश्न: ‘सर, कपॅसिटर चार्ज धरतच नाही, खराब आहे का?’ बहुतेक वेळा चार्ज साठवणारा हा भाग ठणठणीत असतो. चार्ज कुठल्या वाटेने जातोय, तेच पाहिलेलं नसतं.

पहिला संशय हातातल्या मीटरवर घ्या. साध्या डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम. 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 9 व्होल्टला चार्ज करून मीटर लावून बसलात, तर 10 सेकंदांत आकडा 3.3 वर येतो. म्हणजे चार्ज मीटरच पितोय! चार्ज करा, बॅटरी काढा, मिनिटभर मोकळा ठेवा, मग मीटर टेकवून पहिलाच आकडा वाचा. तरीही फार पडला असेल, तर बोर्डाकडे बघा. खाडीकडची दमट हवा आणि कपॅसिटरच्या पायांमध्ये राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट अवशेष), चार्ज गळायला एवढी वाट पुरते. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, नीट वाळवा, पुन्हा तपासा. इलेक्ट्रोलिटिक प्रकारच्या कपॅसिटरमध्ये थोडी गळती असतेच, पडून राहिलेल्यात जास्त. लगेच फेकू नका.

हिशेबातही घोळ होतो. व्होल्टेज निम्मं झालं की ऊर्जा निम्मी नाही, पाव उरते. 9 व्होल्टचा 1000 मायक्रोफॅरड त्याच मापाच्या रिकाम्याला जोडा: दोन्हीवर 4.5 व्होल्ट, पण एकूण ऊर्जा 40.5 मिलिज्यूलवरून 20.25 वर. बाकीची मुख्यतः वायरीत उष्णता होऊन आणि ठिणगीत गेली. वायर जाड घेऊन फरक पडत नाही. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, इथेच अडकवतात.

एसएमपीएसची (मेनच्या विजेवर चालणाऱ्या स्विचिंग पॉवर सप्लायची) गोष्ट वेगळी. 230 व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर, म्हणजे त्याचं डीसी झाल्यावर, मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ‘फट्ट’ करायची सवय मला अजिबात पसंत नाही: टोक जळतं, ट्रॅक उडतो, डोळ्यांना धोका वेगळाच. प्लग काढून 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावा. 220 मायक्रोफॅरड असेल तर टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) 2.2 सेकंद, त्याच्या पाचपट, म्हणजे 11 सेकंदांनी, दोन-सव्वादोन व्होल्ट उरतात.

रेझिस्टर काढला की लगेच हात घालू नका. डायइलेक्ट्रिकमध्ये (कपॅसिटरच्या प्लेटांमधल्या इन्सुलेटरमध्ये) अडकलेल्या चार्जमुळे व्होल्टेज हळूहळू थोडं परत चढतं. मिनिटभराने मीटर लावा. आकडा चढलेला दिसला तर रेझिस्टर पुन्हा जोडा आणि काम होईपर्यंत तसाच राहू द्या.