‘हार्बॉला काढलं!’ – अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या भानगडी वाचताना या चुका टाळा

१० नोव्हेंबर २०२३, धनत्रयोदशी. घरच्या ग्रुपवर दिवसभर चकल्या-करंज्यांचे फोटो चालले होते. मध्यरात्र उलटल्यावर मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या भाच्याचा मेसेज येऊन पडला : ‘एनसीएएने हार्बॉला काढलं. साइन चोरल्याबद्दल. आता बहुतेक आम्हाला बिग टेनमधून हाकलणार.’ त्याखाली ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा : ‘अरे, मग तुझ्या डिग्रीचं काय?’

हार्बॉ म्हणजे जिम हार्बॉ, मिशिगनच्या फुटबॉल संघाचा तेव्हाचा मुख्य प्रशिक्षक. बिग टेन ही मिशिगन ज्यात खेळतं ती कॉन्फरन्स, आणि साइन म्हणजे डाव कळवायचे खुणेचे हातवारे. पोरगा तिथे राहून, स्टेडियममध्ये घसा फोडून सामने बघतो. तरी त्याच्या तिन्ही वाक्यांत चूक होती आणि चौथी ताईची. या चुका फक्त आमच्याच घरात होतात असं नाही. अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाची भानगड बाहेर आली की आपल्याकडे बातमी अशीच चिरगुटं होऊन पोचते. म्हणून त्याच मेसेजच्या क्रमाने जाऊ.

‘एनसीएएने...’

नाही. तो निर्णय बिग टेनचा होता. एनसीएए ही कॉलेज खेळांची देशभराची संस्था. हजारावर कॉलेजं तिची सभासद आहेत आणि नियमांचं पुस्तक तिचं आहे. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी दरवर्षी खेळणाऱ्या दहा-पंधरा विद्यापीठांनी मिळून काढलेली संघटना. वेळापत्रक, टीव्हीचे करार आणि त्यातून येणाऱ्या पैशांची वाटणी तिच्याकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर एनसीएए ही महापालिका आणि कॉन्फरन्स ही हाउसिंग सोसायटी. सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे इथला कमिशनर, पगारी असतो, पण मालक सगळे फ्लॅटधारकच. ज्याला दंड करायचा तोही त्याच मीटिंगला खुर्ची टाकून बसणारा.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात.

घोळ होतो तो पेन स्टेटसारख्या प्रकरणामुळे. माजी सहायक प्रशिक्षक सँडस्कीने मुलांवर केलेले अत्याचार २०११ मध्ये उघड झाले आणि विद्यापीठातल्या वरिष्ठांनी ते दाबल्याचा ठपका चौकशीत आला. २३ जुलै २०१२ ला एनसीएएने ६ कोटी डॉलर दंड आणि हंगामानंतरच्या बाउल सामन्यांवर चार वर्षं बंदी घातली. त्याच दिवशी बिग टेननेही आपली शिक्षा जाहीर केली : कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात चार वर्षं प्रवेश नाही, आणि बाउल सामन्यांच्या उत्पन्नातला पेन स्टेटचा चार वर्षांचा वाटा, सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर, बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थांना. दोन संस्था, दोन शिक्षा, तारीख एकच. पेपरांनी एकाच मथळ्यात कोंबलं आणि लोकांच्या डोक्यात ते तसंच राहिलं.

‘...काढलं’

शिक्षेचा शब्द नीट वाचायचाच नाही, ही सगळ्यात सर्रास होणारी चूक.

हार्बॉला कोणी काढलं नव्हतं. नियमित हंगामाचे उरलेले तीन सामने, आणि तेही फक्त सामन्याच्या दिवशी, त्याने मैदानावर यायचं नव्हतं. सोमवार ते शुक्रवार सराव घ्यायला तो मोकळा होता. तीन हा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. बिग टेनच्या खिलाडूवृत्तीच्या नियमावलीनुसार कमिशनर स्वतःच्या अधिकारात दोन सामन्यांपर्यंतचं निलंबन आणि १० हजार डॉलरपर्यंतचा दंड देऊ शकतो. त्यापुढे जायचं तर सभासद विद्यापीठांच्या प्रतिनिधींच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते. तेव्हा कमिशनर टोनी पेटिटी तीनवर गेला, याचा अर्थ त्याने आधी वरून होकार मिळवला होता. सेक्रेटरीने एकट्याने नोटीस चिकटवली नव्हती, कमिटीची सही होती.

वेळही बघा. संघ विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघालेला, दुसऱ्या दिवशी दुपारी पेन स्टेटशी सामना, आणि शुक्रवारी माजी सैनिक दिनाची सुट्टी असल्याने कोर्टं बंद. मिशिगनचे वकील तरीही त्याच संध्याकाळी स्थगितीसाठी अर्ज घेऊन धावले, पण सामन्याआधी काही हाती लागलं नाही. शनिवारी सहायक प्रशिक्षक शेरॉन मूरने संघ सांभाळला. शेवटचे सलग ३२ डाव मिशिगनने चेंडू हवेत न फेकता नुसता पळवला, आणि २४-१५ ने जिंकले. सामना संपल्यावर कॅमेऱ्यासमोर मूर ढसाढसा रडला. उरलेले दोन्ही सामनेही जिंकले, आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद.

मधल्या काळात काय झालं ते मात्र फार कमी लोकांनी वाचलं. १७ नोव्हेंबरला सुनावणी होती. १६ ला मिशिगनने दावा मागे घेतला, शिक्षा मान्य केली, आणि बदल्यात बिग टेनने आपली चौकशी बंद केली. सोसायटीतली भांडणं अशीच मिटतात, कोर्टाच्या पायरीवर, आदल्या दिवशी.

‘साइन चोरल्याबद्दल’

हेही नाही. मैदानाच्या कडेला उभं राहून प्रतिस्पर्ध्याचे हातवारे बघायचे आणि त्यांचा अर्थ लावायचा, याला मनाई नाही. आक्षेप होता तो पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून टेहळणी करण्याला. एनसीएएने ही प्रत्यक्ष टेहळणी १९९४ पासून बंद केली आहे. हा फरक न कळल्यामुळेच ‘सगळेच चोरतात, मग आम्हालाच का?’ हा वाद वर्षभर चालला.

नेमका कोणता नियम मोडला, हा प्रश्न विचारला नाही की काय गंमत होते ते बेलरच्या प्रकरणात दिसतं. टेक्सासमधल्या या विद्यापीठाने खेळाडूंविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नीट हाताळल्या नाहीत, असं २०१६ मध्ये बाहेरच्या वकिलांच्या चौकशीत निघालं. प्रशिक्षक आर्ट ब्राइल्सची गच्छंती झाली, अध्यक्ष केन स्टार यांचं पद गेलं. वकिलांनी सविस्तर लेखी अहवाल दिलाच नाही. निष्कर्ष तोंडी सांगितले आणि लोकांसमोर आली ती १३ पानं. सोबत १०५ शिफारशी.

एनसीएएने काय केलं? पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, निकाल : अत्याचाराच्या तक्रारी दडपणं हे आमच्या नियमपुस्तकात बसत नाही, त्यामुळे त्याबद्दल शिक्षा देता येत नाही. बाकीच्या किरकोळ उल्लंघनांसाठी चार वर्षं प्रोबेशन आणि दंड ५ हजार डॉलर. आकडा बरोबर वाचलात, पाच हजारच.

बेलरची कॉन्फरन्स असलेल्या बिग ट्वेल्व्हने मात्र फेब्रुवारी २०१७ मध्येच एकमताने बेलरच्या पुढच्या उत्पन्नाच्या वाट्यातले २५ टक्के रोखून धरले. अट अशी की शिफारशी खरोखर अमलात आल्या का, हे तिसऱ्याच पक्षाने तपासायचं आणि मग पैसे. दीड वर्षाहून जास्त काळ रक्कम अडकली, ती कोटी डॉलरच्या पुढे गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तपासणी पूर्ण झाली, कॉन्फरन्सने २० लाख डॉलर दंड कापून घेतला आणि बाकीचा मार्ग मोकळा केला. तो दंड कशाबद्दल होता तर कॉन्फरन्सच्या नावाला लागलेल्या बट्ट्याबद्दल. पीडित मुलींचा त्या हिशेबात संबंध नव्हता. मला हे खटकतं. पण कॉन्फरन्सकडून न्यायाची अपेक्षा ठेवणं हीच मुळात वाचणाऱ्याची चूक आहे. तिच्या हातात किल्ली आहे ती तिजोरीची, आणि बेलरमध्ये तीच चालली. एनसीएएच्या पाच हजारांनी कोणी हललं नसतं.

‘हाकलणार’

शंभर वर्षांत एवढ्या भानगडी झाल्या, पण सभासदाला खरोखर बाहेर काढल्याची ठळक उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. मे १९२९ मध्ये आयोवाला बिग टेनने बाहेर काढायचं ठरवलं. माजी विद्यार्थ्यांनी खेळाडूंसाठी गुपचूप पैसे जमवले होते. १९३० च्या सुरुवातीलाच परत घेतलं. १९५२ मध्ये मॅच-फिक्सिंगच्या प्रकरणात एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सने केंटकीला बास्केटबॉलच्या एका हंगामापुरतं बाजूला ठेवलं. पुढच्या हंगामात केंटकी सलग २५ सामने जिंकून आला.

हाकलणं टाळतात त्यामागे दयामाया नाही. पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सने १९५६ मध्ये वॉशिंग्टन, यूसीएलए, यूएससी आणि कॅलिफोर्निया या बड्या चौघांना खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल कडक शिक्षा केल्या. तीन वर्षांत, १९५९ मध्ये, कॉन्फरन्सच मोडली. चौघांनी स्टॅनफर्डला घेऊन नवा गट काढला. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन स्टेट यांना आत यायला काही वर्षं लागली, आयडाहोला कोणी बोलावलंच नाही. ज्या फ्लॅटधारकाच्या मेंटेनन्सवर लिफ्ट चालते, त्याला काढून चालत नाही. हे प्रत्येक कमिशनरला पाठ असतं.

म्हणून कॉन्फरन्सची पहिली हालचाल बहुतेक वेळा स्वस्तातली असते. पेन स्टेटमध्ये पहिली काय होती? बिग टेनच्या नव्या करंडकाला स्टॅग आणि पेन स्टेटचा पॅटर्नो या दोन प्रशिक्षकांची नावं दिली होती. १४ नोव्हेंबर २०११ ला पॅटर्नोचं नाव काढलं. करंडक तोवर एकदाही कोणाला दिला गेला नव्हता, पहिला अंतिम सामना ३ डिसेंबरला व्हायचा होता.

जाता जाता : पहिल्या दिवशीची शिक्षा शेवटची धरू नका

पेन स्टेटवरची चार वर्षांची बंदी सप्टेंबर २०१४ मध्येच, म्हणजे दोन वर्षांत उठली. मिशिगनचं उलट झालं. बिग टेनने आठवडाभरात विषय मिटवला, पण एनसीएएचा निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला आणि हार्बॉला दहा वर्षांचा ‘शो-कॉज’ लागला, म्हणजे त्या काळात कॉलेजला त्याला नेमणं जवळपास अशक्य. तोवर तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाऊन स्थिरावलेला.

‘मग तुझ्या डिग्रीचं काय?’

ताई, काही नाही. कॉन्फरन्सचा हात मैदान आणि तिथल्या गल्ल्यापर्यंतच पोचतो. डिग्री, व्हिसा, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला) याला ती शिवूही शकत नाही. पालकांनी बघायचं असेल तर विद्यापीठाला मान्यता देणाऱ्या संस्थेकडे बघावं. पेन स्टेट प्रकरणात ऑगस्ट २०१२ मध्ये मिडल स्टेट्स या मान्यता संस्थेने विद्यापीठाला ‘वॉर्निंग’वर ठेवलं होतं. काळजीची बातमी खरी ती होती, पण खेळाच्या पानांवर ती कुठेतरी कोपऱ्यात गेली. नोव्हेंबरात वॉर्निंग उठली.

आणि मुलामुलींपैकी कोणावर कॅम्पसमध्ये काही बेतलं, तर कॉन्फरन्सला मेल लिहीत बसू नका. विद्यापीठाचं टायटल नाइन कार्यालय (लैंगिक भेदभाव आणि अत्याचाराच्या तक्रारी बघणारं), पोलीस, आणि तिथे दाद लागली नाही तर केंद्रीय शिक्षण खात्याचं नागरी हक्क कार्यालय, हा रस्ता. मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठात, खेळाडू मुलींवर अत्याचार करणाऱ्या डॉक्टर लॅरी नासरच्या प्रकरणात एनसीएएने २०१८ मध्ये कळवलं की आमचा एकही नियम मोडलेला नाही. पुढच्याच वर्षी शिक्षण खात्याने त्या विद्यापीठाला ४५ लाख डॉलर दंड केला.