सोलापूरचा उन्हाळा आणि प्रोसेसर: आधी व्होल्टेज उतरवा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत दुपारी ४० अंश सहज भरतात. प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) कितीही भारी असला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७२ दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात त्याच कामाला ८७ किंवा थोडा वरच दाखवणार. एएमडीच्या बऱ्याच रायझन प्रोसेसरची मर्यादा ९० ते ९५ आणि बहुतेक इंटेलची १०० अंश असते. तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक (कामाचा वेग, गिगाहर्ट्झमध्ये) उतरवतो आणि मशीन संथ होते.

हवा आपल्या हातात नाही, पण प्रोसेसर किती वीज जाळतो ते आहे. जेवढी वीज आत जाते तेवढीच उष्णता बाहेर पडते. ही वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणून क्लॉक १० टक्के कमी केला तर साधारण १० टक्केच वाचतात. व्होल्टेज १० टक्के उतरवले तर १९. समजा, १.३५ व्होल्टवर १०० वॅट लागत आहेत. क्लॉक तोच ठेवून १.२० व्होल्ट केले तर सुमारे ७९ वॅट होतात, आणि क्लॉकही ४.६ वरून ४.२ गिगाहर्ट्झवर आणला तर ७२. शिवाय चिप तापली की तिच्यातून वाया जाणारा गळतीचा करंटही वाढतो, म्हणजे उष्णता आणखी उष्णता वाढवते. सगळ्यात महाग पडतात ते शेवटचे २००-३०० मेगाहर्ट्झ, कारण तेवढ्यासाठी व्होल्टेज बरेच चढवावे लागते.

सेटिंगला हात लावण्याआधी कॅबिनेट उघडा. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाजवळच्या ऑफिसात मशीन असेल तर पंखा काढून हीटसिंकच्या पात्या बघा. सुताचा बारीक तंतू तिथे नमद्यासारखा घट्ट थर धरतो आणि वरून काहीच दिसत नाही. तो थर मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग जाते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. एएम४ सॉकेटच्या रायझनवरचा हीटसिंक सरळ वर ओढू नका. मशीन दहा मिनिटे कामाला लावून पेस्ट गरम होऊ द्या, मग मशीन बंद करून, वायर काढून हीटसिंक हलक्या हाताने डावी-उजवीकडे वळवून सोडवा. थेट ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात.

आता मोजणी. एचडब्ल्यूइन्फो६४ (तापमान, वीज आणि क्लॉक दाखवणारे सॉफ्टवेअर) उघडून सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून स्कोअर देणारी चाचणी) दहा मिनिटे चालवा. स्कोअर, जास्तीत जास्त तापमान, पॅकेज पॉवर आणि खोलीचे तापमान लिहून ठेवा. खोलीचा आकडा नसेल तर पुढच्या तुलनेला अर्थ नाही.

रायझन ५००० किंवा त्यापुढचा असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हखाली कर्व्ह ऑप्टिमायझर शोधा, त्यातून व्होल्टेज उतरवता येते. ऑल कोअर, निगेटिव्ह, १० एवढ्यापासून सुरुवात करा. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. मशीन स्थिर राहिले तर १५, मग २०. इथे फसगत अशी होते, की सिनेबेंच तासभर नीट चालतो आणि मशीन रिकामे असताना अचानक रीस्टार्ट होते. हलक्या कामात एकच कोअर सर्वात उंच क्लॉक गाठतो आणि व्होल्टेज तिथेच अपुरे पडते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) एरर दिसली तर ५ ने मागे या. त्याच मेनूत पीपीटी, म्हणजे प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वॅट घ्यायचे ती मर्यादाही असते. ६५ वॅटच्या चिपला ती ८८ असते, ती ६५-७० केली तरी तापमान चांगलेच उतरते.

इंटेलच्या के मालिकेत (नावाच्या शेवटी के असलेल्या चिप) कोअर व्होल्टेज ऑफसेट मोडवर ठेवा आणि उणे ०.०५० व्होल्टपासून ०.०१० च्या पायऱ्यांनी खाली जा. मॅन्युअलमध्ये एकच ठरावीक व्होल्टेज देऊ नका, मशीन रिकामे असतानाही ते चढेच राहते. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षात्रुटी उघड झाल्यावर बऱ्याच लॅपटॉपवर ही सोय बंद झाली. के नसलेल्या १२व्या पिढीपासूनच्या चिपवरही ती बहुधा मिळत नाही. तिथे पॉवर लिमिट कामाला येते: आय५-१२४०० ची टर्बो (गरजेला क्लॉक आपोआप वर नेण्याची सोय) मर्यादा ११७ वॅट आहे, ती ६५ करा. व्हिडिओ रेंडर थोडा लांबेल. टॅली, जीएसटीचे काम आणि ब्राउझरला फरक जाणवणार नाही.

लॅपटॉपमध्ये यातले काहीच उघडत नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. टर्बो बंद होतो. वेग बराच घटतो, पण मे महिन्यातल्या दुपारी हे परवडते.

प्रत्येक बदलानंतर स्कोअर पुन्हा बघाच. तापमान उतरले, क्लॉक तेवढाच दिसतोय, पण स्कोअर पडला, तर व्होल्टेज गरजेपेक्षा खाली गेले आहे. रायझन अशा वेळी आतल्या आत क्लॉक ताणतो. एचडब्ल्यूइन्फोमधला इफेक्टिव्ह क्लॉक ते दाखवतो.

डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत गेले तर बोर्डावर क्षार धरतो. कूलर खिडकीत ठेवा आणि समोरची एक खिडकी उघडी असू द्या.

डिसेंबरात बसवलेले सेटिंग एप्रिलमध्ये पुन्हा तपासा, कारण तापलेल्या चिपला त्याच क्लॉकसाठी बऱ्याचदा थोडे जास्त व्होल्टेज लागते. दुपारी तीनच्या सुमारास चाचणी घ्या. मशीन सुरूच होईना झाले तर घाबरू नका: वायर काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटे बाहेर ठेवा, बायोस मूळ सेटिंगवर येतो.